येरमाळ्याला नेलेली वही

माझी अक्का एकोणीस वर्षांची असताना सासरहून बैलगाडीत निजवून परत आली. लढाईचे दिवस होते. परंड्यात साखर मिळत नव्हती, रॉकेल मिळत नव्हतं, कोरा कागद तर कुणी दाखवीतही नव्हतं. गाडीत कडब्यावर गोधडी टाकून अक्काला निजवलं होतं. उशाला तिची ट्रंक होती. तिची मुलगी मात्र बरोबर नव्हती.

आईनं गाडीत डोकावून बघितलं आणि गाडीवाल्याला विचारलं, "लेकरू कुठं हाय?"

तो अक्काच्या सासरचा गडी. खाली बघून म्हणाला, "तिकडंच ठिवलंय. वैनी बऱ्या झाल्या की मग बघू, असं म्हणल्यात मालकीणबाई."

मुलगी दीड वर्षाची होती. अक्काच्या अंगावरचं दूध अजून आटलं नव्हतं. पहिले चार दिवस तिची चोळी ओली व्हायची आणि आई तिला मोगऱ्याची फुलं बांधायला द्यायची, दूध आटावं म्हणून.

आप्पांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, तिला बार्शीच्या डॉक्टरला दाखवलं. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, आमचं परंडा निजामाच्या. डॉक्टरनं छातीला नळी लावली, मग अक्काला बाहेर बसवून आप्पांना एकट्याला आत बोलावलं. क्षय होता, दोन्ही बाजूंना. त्या काळी त्याला औषध नव्हतं. दूध द्या, मोकळी हवा द्या, भांडी वेगळी ठेवा, थुंकी राखेत घेऊन जाळा आणि पोरासोरांना जवळ येऊ देऊ नका, एवढंच त्यानं सांगितलं.

परसात गोठ्याला लागून एक खोली होती. ती आईनं चुन्यानं पांढरी केली आणि अक्काची बाज तिथं टाकली. मला उंबऱ्याच्या आत जायची बंदी. मला सोळावं लागलेलं आणि माझ्या लग्नाचं बघणं चालू होतं. घरात क्षय आहे हे बाहेर गेलं असतं तर मला कुणी दारात उभं केलं नसतं. म्हणून आम्ही सांगायचो, अक्का माहेरपणाला आलीय, जरा ताप येतो. ऐकणारे मान हलवायचे आणि आमच्याकडं पाणी प्यायचं टाळायचे.

आप्पा अदालतीच्या बाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. अर्जनवीस म्हणत अशा माणसाला. सगळं उर्दूत. घरी मात्र त्यांनी अक्काला लहानपणी पाटीवर बाळबोध शिकवली होती. मलाही बसवलं होतं, पण अक्षरं बघितली की माझं डोकं दुखायचं आणि मी उठून पळायचे. माझे हात चांगले होते. रांगोळी, शिवण, शेवया, हाताचं काहीही सांगा. वाचायला मात्र मला काही म्हणता काही येत नव्हतं.

एक दिवस दुपारी मी उंबऱ्याबाहेर ज्वारी निवडत बसले होते. अक्का बाजेवरून म्हणाली, "मला एक वही करायचीय. तिच्यासाठी."

'ती' म्हणजे मुलगी. परत आल्यापासून अक्कानं तिचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

"आता एवढुशी ती. वही काय करंल?"

"आता न्हाय. मोठी झाल्यावर. ती मला इसरली असंल गं आत्तापातूर."

"असं कसं इसरंल?"

"तुला तुझं दीड वर्षाचं काय आठवतंय?" तिनं विचारलं.

मला काहीच आठवत नव्हतं. मी ज्वारीतले खडे शोधत राहिले.

मी ते आप्पांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ते अदालतीतून रद्दी आणू लागले. चुकलेले मसुदे, जुन्या समन्सच्या जादा प्रती, सगळे एका बाजूनं उर्दूत लिहिलेले आणि दुसरी बाजू कोरी. लिहिलेली बाजू दडवायची कशी, ते आम्हाला आमच्या गल्लीतल्या जिल्दगर चाचांनी सांगितलं. चाचा कुराणाच्या आणि कचेरीतल्या दप्तरांच्या जिल्दी बांधायचे. म्हातारे होते, डोळ्यांनी अधू. मी त्यांच्या ओट्यावर बसून बघायचे, घरी येऊन उंबऱ्याबाहेरून अक्काला सांगायचे.

दोन कागद घ्यायचे, लिहिलेल्या बाजूंना खळ लावून एकमेकांवर चिकटवायचे आणि पाट्याखाली दाबून ठेवायचे. वाळलं की एक जाड पान तयार, दोन्ही अंगांनी कोरं. खळ चिंचोक्यांची. चिंचोके भाजून, सोलून, रात्रभर भिजवून वाटायचे आणि शिजवायचे. त्यात चिमूटभर मोरचूद घालायचा, म्हणजे कसर लागत नाही. खळ मी करायची आणि ती कागदांसकट सुपात घालून उंबऱ्यावरून आत सरकवायची, चिकटवायची अक्का. असं आठ-दहा दिवस चाललं. मग एकदा पान वाकडं चिकटलं, ती हाक मारू लागली, आणि मी उठून सरळ आत गेले. आईनं स्वयंपाकघरातून बघितलं. ओरडली नाही. संध्याकाळी तिनं माझ्या पदराचं टोक नाकातोंडावरून घट्ट बांधून दाखवलं आणि म्हणाली, "असं बांधून जात जा. आणि बाहेर आली की न्हाऊन घे."

चार-चार पानांची घडी एकात एक घालायची, त्या गठ्ठ्याला चाचा जुज म्हणत. असे सहा जुज झाले. दोऱ्याला मेण लावून मी ते दाभणानं शिवले. पाठीला अक्काच्या लग्नातल्या इरकलीचा काठ लावला. ते पातळ फाडताना मीच रडले, तिनं नुसतं धरून ठेवलं, म्हणजे सरळ फाटावं.

पुठ्ठ्यावर लावायला तिला अबरी पाहिजे होती. पाण्यावर रंग तरंगवून त्याची लहर कागदावर उचलतात, तो कागद म्हणजे अबरी. चाचांकडं लढाईच्या आधीचे दोन ताव होते, ते कुणाच्या तरी कुराणासाठी राखलेले. म्हणाले, "बेटी, ये नहीं दे सकता. बनाना सिखाता हूँ." मेथ्या भिजवून त्यांचं बुळबुळीत पाणी परातीत घ्यायचं. नीळ, काव आणि काजळ वेगवेगळं घोटून त्यात रिठ्याच्या पाण्याचे दोन थेंब टाकायचे आणि लिंबाच्या काडीनं शिंपडायचं. आमचा पहिला कागद पाण्यातून वर काढला तर सगळा रंग ओघळून परातीत गेला. दुसराही तसाच. तिसऱ्याला अक्का थकून भिंतीला टेकली. मग मला आठवलं, कागद आधी तुरटीच्या पाण्यात बुडवून वाळवायचा असं चाचांनी सांगितलं होतं, आणि ते मी तिला सांगायचंच विसरले होते.

"तुझं डोकं कुठं असतंय गं?" ती म्हणाली, आणि हसली. हसताना खोकला आला आणि तो लवकर थांबेना.

चौथा कागद साधला. निळ्यात तांबूस रेघा, मधेच काळी शीर. तिनं तो दोन्ही हातांत ओला धरला आणि कितीतरी वेळ खाली ठेवला नाही.

वही बांधून झाल्यावर ती आतली पानं सजवायला लागली. लिहायची सकाळी, ताप उतरलेला असायचा तेव्हा. मी गेल्यावर टाक बाजूला ठेवायची आणि आम्ही कातरकामाला लागायचो. पतंगाच्या कागदाची जाळी, चहाच्या पुड्यातला चांदीचा कागद, काड्यापेटीवरची चित्रं. रांगोळीचा छापा करतात तसं सुईनं टोचून तिनं एका पानावर वेल काढली. पान उजेडाकडं धरलं की वेल उमटायची आणि तिच्यामागं समन्सातली उर्दू अक्षरंही उलटी दिसायची. एका पानावर तिनं पाळणा केला. खाली कागदाची पट्टी होती, ती ओढली की पाळणा हलायचा. ती पट्टी आठ वेळा फाटली आणि आठ वेळा केली.

शेवटच्या चार पानांना कागदाचे खिसे होते. प्रत्येकात एक बंद चिठ्ठी. सासरी वाचणारं बाईमाणूस कुणी नव्हतं, म्हणून खिशांवर तिनं चित्रं चिकटवली. एकावर पाटी, म्हणजे वाचायला लागल्यावर उघडायची. दुसऱ्यावर जास्वंद, म्हणजे शहाणी झाल्यावर. तिसऱ्यावर मुंडावळ्या. चौथ्यावर बाळाची कुंची.

"काय लिवलंस यात?" मी विचारलं.

"तुला वाचता येत असतं तर तू वाचलं असतंस."

"मग सांग की."

"सांगीन. समदं झालं की बसून वाचून दाखवीन तुला."

एका सकाळी मी गेले तर ती वहीवर वाकून काहीतरी चिकटवत होती. मला बघून दचकली. पानावर हिरव्या कागदाचा पोपट होता, आदल्या दिवशी नव्हता. खळ ओली होती आणि पोपटाच्या पोटाखालून तांबडी कड दिसत होती. तिनं दुसरा पंख कापून त्या कडेवर बसवला.

"आईला सांगू नको," ती म्हणाली.

मी सांगितलं नाही. पण त्या दिवशी मी दोनदा न्हाले.

दसरा झाल्यावर दाजी आले, अक्काचे मालक. अंगणात उभे राहिले. आईनं चहा दिला, तो तसाच राहिला. अक्का खोलीच्या दारापर्यंत भिंत धरून आली.

"तिला आनलं न्हाय?" तिनं विचारलं.

"आई न्हाय म्हणली. गार हवा हाय."

"मंग हे न्या तिला." तिनं वही पुढं केली. मी ती तिच्या हातातून घेऊन दाजींकडं गेले. त्यांनी हात पुढं केला नाही.

"आत्ता असू द्या," ते म्हणाले. "पुन्हा येतोच की मी." आणि टोपी नीट करत निघाले. त्यांच्यासाठी दुसरी मुलगी बघायला सुरुवात झालीय, हे आप्पांना अदालतीतल्या कुणीतरी आधीच सांगितलं होतं. अक्काला ते आम्ही सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नाही.

थंडीत ती गेली. सकाळी आई दूध घेऊन गेली तेव्हा अक्का बाजेवर बसलेली होती, उशीला टेकून, आणि आईला वाटलं जागी आहे. मला वाचून दाखवायचं राहून गेलं. आमच्यात पुरतात, तशी तिला बसवून, विभूती लावून पुरली. परत आल्यावर आईनं परसात तिची गोधडी, उशी, लुगडी, बाजेचा सुंभ, सगळं ओढून आणलं आणि पेटवलं. खोलीतून वहीही आणली.

आप्पांनी तिचा हात धरला. "ही न्हाय."

"डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"ही तिच्या लेकीची हाय. मी नेऊन देतो."

आईनं वही खाली टाकली आणि जाळापाशी बसली. आप्पांनी ती उचलून आठ दिवस उन्हात ठेवली, पानं उलगडून, वर जाळीचं फडकं टाकून.

महिन्याभरानं मी आणि आप्पा येरमाळ्याला, अक्काच्या सासरी, निघालो. आधी बार्शी, तिथून पुढं सर्व्हिस मोटार. वाटेत पुन्हा निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. कापड, साखर कुणी लपवून नेतंय का ते बघायला शिपाई गाठोडी उघडत. आमच्या गाठोड्यातली वही त्यानं बाहेर काढली. एक पान उजेडाकडं धरलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ये तो अदालत का काग़ज़ है. कहाँ से लाए?"

आप्पांनी हात जोडले. सरकारी कागद चोरला म्हटलं असतं तर त्यांचं बसणंच बंद झालं असतं. ते म्हणाले, "रद्दी थी, साहब. मेरी बेटी ने बनाया. मर गयी. उसकी बच्ची को देने जा रहा हूँ."

शिपायानं आणखी पानं उलटली. पाळण्याच्या पानावर थांबला. पट्टी ओढली, पाळणा हलला. पुन्हा एकदा ओढली. मग वही मिटली, तिच्या पुठ्ठ्याची नाडी स्वतः बांधली आणि माझ्या हातात दिली. "जाओ," म्हणाला.

अक्काच्या सासरी किराण्याचं दुकान होतं आणि मागं घर. दाजी दुकानात होते, आम्हाला बघून आत निरोप देऊन पुन्हा गिऱ्हाइकाकडं वळले. अक्काची सासू चुलीपाशी भाकरी करत होती. मुलगी तिच्या मांडीला चिकटून भाकरीचा पापुद्रा खात होती. अक्काचीच हनुवटी. मी हात पुढं केले तर ती आजीच्या पाठीमागं गेली.

आप्पांनी वही ठेवली आणि सगळं सांगितलं. हे खिसे असे, ह्या चिठ्ठ्या तशा. सासूबाईंनी ऐकून घेतलं. वहीला हात लावला नाही. मग माझ्याकडं बघून विचारलं, "पोरी, खरं सांग. तिनं दुखण्यात केलीया का ही?"

"मी शिवली," मी म्हणाले. "खळ मी लावली. कापलं बी मीच लई."

"तिनं हात लावला का?"

मी वहीची नाडी पुन्हा आवळली.

"खोकल्याचं काय उडालंय का हिच्यावर?"

पोपटाचं पान कुठलं ते मला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. न्हाय, एवढाच शब्द म्हणायचा होता. समोर ती मुलगी पापुद्रा चोखत होती. मी मान हलवली, व्हय म्हणून.

सासूबाईंनी तव्यावरची भाकरी उतरवली. मग म्हणाल्या, "माझी थोरली लेक ह्याच दुखण्यानं गेली. तिच्या उशाखालचं पातळ मी धाकटीला नेसवलं. वरसात ती बी गेली. मला आता कुणाची वही नगं." त्यांनी चिमट्यानं वही उचलली आणि चुलीत सारली. अबरी आधी पेटली, निळा-हिरवा जाळ झाला. जाड पानं लवकर जळेनात, त्यांनी फुंकणीनं फुंकलं.

मी आप्पांकडं बघितलं. ते उठतील, ओढून काढतील असं वाटलं. त्यांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही केलं ते बरोबर केलं. लेकराला जपा." त्यांचा आवाज अर्ज वाचून दाखवतानाचा होता, तसाच.

आणि मी? मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. महिनाभर ती वही आमच्या घरात होती आणि मी तिच्या जवळून जाताना श्वास धरत होते. मोटारीत बसल्यावर मी हात हुंगले, नुसता चुलीचा धूर येत होता, आणि मला बरं वाटलं. रडू नंतर आलं, बार्शीच्या स्टँडवर. आप्पांनी विचारलं नाही का रडतेस म्हणून. पुढं अक्काचा विषय निघाला की ते उठून जायचे.

माझं लग्न पुढच्या वर्षी बार्शीतच झालं. निजाम गेला, नाका उठला, चाचा वारले. बाविसाव्या वर्षी, माझ्या थोरल्या मुलाच्या अंकलिपीवरून, मी वाचायला शिकले. डोकं तेव्हाही दुखायचं. शिकले खरी.

अक्काची मुलगी मला भेटायला आली ती तिच्या पहिल्या बाळाला घेऊन. तिची सावत्र आई चांगली निघाली होती, तिला सातवीपर्यंत शिकवलं होतं. आजी मरताना तिला वहीचं सांगून गेली होती. आल्या आल्या तिनं विचारलं नाही. जेवली, बाळाला पाजलं, निजवलं. मग म्हणाली, "मावशी, आईनं माझ्यासाठी काय लिहिलं होतं?"

मी तिला वही कशी केली ते सांगितलं. पानं, शिवण, पाळणा, खिशांवरची चित्रं. ती ऐकत राहिली.

"आणि चिठ्ठ्यांत?"

"मला तवा वाचता येत न्हवतं बाई."

"तिनं तोंडानं काहीच सांगितलं न्हाय?"

"सांगणार होती."

ती बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं करत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही काहीही सांगितलं असतं ना, तर मी धरून चालले असते."

तसं करायचं मला सुचलं नव्हतं असं नाही. ती यायच्या आधी दोन दिवस मी तेच जुळवत होते. पण तिच्या तोंडाकडं बघून मला ते बोलवेना. चुलीपुढं खरं बोलून बसले होते, आता कुठल्या तोंडानं खोटं बोलायचं? म्हणून तेही सांगून टाकलं. सासूबाईंनी काय विचारलं आणि मी मान कशी हलवली, ते सगळं.

"मी तिथंच होते का?" तिनं विचारलं.

"आजीच्या पाठीमागं."

"मला काहीच आठवत न्हाय," ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "उंच होती का ती?"

"तुझ्यापेक्षा बोटभर कमी असंल."

बाळ उठलं. पाचची येरमाळ्याची मोटार होती. मी स्टँडपर्यंत गेले. ती माझ्या पाया पडली, चढली. जागा मिळाली ती पलीकडच्या बाजूला, म्हणून मोटार सुटताना ती मला दिसली नाही. त्यानंतर तिची दोन पत्रं आली, दोन्ही खुशालीची. मी वाचली, आणि स्वतःच्या हातानं उत्तरं लिहिली.